कापलेली दांडी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. किती जुनी, ते मला सांगता यायचं नाही. माझी पहिली आठवण पेणजवळच्या मिठागराच्या बांधाची आहे. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, पाण्यात आभाळ, आणि मधल्या अरुंद वाटेवरून मी चाललेली. वर ढग, खाली ढग. आपण जमिनीवर आहोत की नाही, हेच कळायचं नाही.

गोविंदा मिठागरात कामाला होता. एका मास्तरांनी वापरलेली मी त्याच्याकडे आले. त्याची बायको काशीबाई मला चालवायला शिकली ती त्याच बांधावर, नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून. दोनदा ती माझ्यासकट चिखलात गेली, तिसऱ्यांदा मात्र थेट पलीकडच्या टोकाला पोचली. मग माझ्या कॅरिअरवर मिठाचं पोतं बांधून ती गागोद्याच्या अंगाला जाऊ लागली. तिकडच्या शेतकऱ्यांना मीठ द्यायचं आणि बदल्यात वाल आणायचे. बाई सायकलवर बघून माणसं वाटेत थांबायची. ती आपली मान खाली घालून पायडल मारायची.

एका उन्हाळ्यात गागोद्याच्या उतारावर तिचा पाय माझ्या उंच दांडीत अडकला आणि आम्ही दोघी पडलो. त्या घटनेनंतर माझं रूपच बदललं, पण ते तिच्याच तोंडून ऐका.

वर्षं गेली. गोविंदा गेला. काशीबाईचे गुडघे धरले. मी पडवीत रिकाम्या पोत्यांच्या मागे उभी राहिले. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या अंगावर गंजाचे पापुद्रे आले, घंटी मुकी झाली. दुपारी डोळा लागावा तशी मी पेंगायची आणि झोपेत बांधावरून फिरायची.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा नितेश आईला न्यायला आला. तो रोह्याला कंपनीत आहे, पन्नाशीला टेकलेला. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मला जागा कुठली? जुन्या सायकलींना हौशी लोक शोधत येतात असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं रोह्याच्या हैबतरावांना बोलावलं. त्यांच्याकडे जुन्या सायकलींचा मोठा संग्रह होता. ही इंग्रजांच्या काळातली आहे, असं नितेशनं त्यांना ठासून सांगितलं.

हैबतराव माझ्यापाशी उकिडवे बसले. रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी माझं एकेक हाड पुसलं. किती वर्षांनी कुणाचा हात लागत होता! मागच्या चाकाच्या हबवर त्यांना बारीक आकडा सापडला, बासष्ट. चाक मूळचं असेल तर ही बासष्ट सालची, इंग्रज जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, असं ते हसत म्हणाले. पण सळयांचे ब्रेक मूळचे, हँडल मूळचं, म्हणून ते खूश दिसले. मग त्यांचा हात दांडीवर आला आणि थांबला.

"ही दांडी कापून खाली झाळून जोडलीय," ते म्हणाले. "कुणी केलं हे? नायतर मी आत्ताच घेऊन गेलो असतो."

मी अशीच घडले असं नितेश जन्मभर समजत होता. तेव्हा दारात बसलेली काशीबाई बोलली.

"ह्याच्या बापानं केलं. गागोद्याच्या उतारावर मी पडली व्हती, पाय वर घेताना. सातवा महिना व्हता." तिनं नितेशकडे पाहिलं. "तू पोटात व्हतास. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेलंच नाय. पेणला जाऊन दांडी खाली करून आणली. लोकं हसायची त्यांना, बायकांची सायकल चालवतो म्हणून. पण शेवटपर्यंत तीच घेऊन मिठागरात जायचे."

हैबतरावांनी फडक्याची घडी केली.

"मग आता दिलीत तरी मी नाय नेत हिला," ते हळूच म्हणाले. जाताना त्यांनी नितेशला सांगितलं, की हिच्या मापाचे टायर आपल्याकडे आहेत, येऊन घेऊन जा.

सामान हलवायच्या दिवशी काशीबाई टेम्पोत बसली. नितेश माझ्यावर बसला. टायर नवे होते, पण धाप दोघांनाही लागली. वडखळ मागे पडलं, गाड्यांचा गलका मागे पडला. निडीच्या पुढे दोन्ही बाजूंच्या शेतांत पाणी साचलं होतं आणि त्यात ढग उतरले होते. मी जागी होते की पडवीत झोपलेली, मला खरंच उमगेना.

रोह्यात पोचलो तेव्हा नितेशचा सदरा घामानं चिकटला होता. काशीबाई जिन्याच्या पायरीवर वाट बघत होती.

"आई, एवढ्या लांब मागं पोतं बांधून तू कशी जायचीस?" त्यानं विचारलं.

"हळूहळू," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.

मित्रांनो, आता मी त्या जिन्याखाली असते. रविवारी नितेश मला तेल घालतो. तुमच्याही घरात एखादी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. ती खुशाल विका, द्या, मोडीत काढा. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा तिच्याजवळ बसवा, आणि ते बोलू लागेपर्यंत थांबा.