थैलीचा दुसरा बंद

एक गादी, जिच्यावर आता एकच माणूस झोपतो.

बोरांचा आंबूस वास.

तागडीचं पारडं खाली टेकतं तेव्हाचा आवाज.

शिवणीत अडकलेली, वाळून काळी पडलेली पालेभाजीची एक काडी.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मी एक जुनी बाजाराची थैली आहे.

आर्णीच्या जहीरभाईंनी सदाशिवराव आणि शकुबाई यांच्या लग्नाची गादी भरली. पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड थोडं उरलं, त्यातून त्यांनी मला शिवलं. घेर मोठा ठेवला आणि दोन बंद मुद्दाम लांब लांब लावले. भरलेली थैली नवराबायको दोघं मिळून नेतील, असा त्यांचा हिशेब.

तसंच झालं. दर बाजाराला एक बंद सदाशिवरावांच्या हातात आणि दुसरा शकुबाईच्या. जाताना मी दोघांमध्ये झोके घेत जाई. येताना झोके बंद होत, कारण मी पोटभर जेवलेली असे.

मित्रांनो, बाजारात पहिला हक्क नाकाचा असतो. ओल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वास, गुळाचा वास, सुक्या मिरच्यांचा खकाणा. मग बोटं. शकुबाई वांगं दाबून पाही, शेंग मोडून पाही, भेदरं, म्हणजे टोमॅटो, उन्हाकडे धरी. जहीरभाईंची बायको हुस्नाबी भाजीचं दुकान लावी. तिच्यासमोर शकुबाई हमखास बसकण मारी.

"हुस्नाबी, हे वांगं हाय का माह्या सासूचं तोंड?"

"सासूचं असतं तर फुकट देलं असतं, वैनी."

मग दोघी हसत. हसता हसता हुस्नाबी वरून सांभाराची काडी टाके. आलू तळाला, त्यावर कांदे, मग वांगी, भेदरं वर. सगळ्यात शेवटी चिवळ. नाजूक, बारीक पानांची, थोडी आंबट भाजी. चिवळ आली की बाजार झाला. सदाशिवराव एवढा वेळ बाजूला उभे असत. काय घ्यायचं, हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही पुढे कधी सांगितलं नाही.

मागच्या पावसाळ्यात शकुबाई गेली.

त्यानंतरच्या बाजाराला सदाशिवरावांनी मला खुंटीवरून काढलं. एकच बंद धरला. दुसरा सुटा लोंबत राहिला. मी वाकडी झाले, तोंड उघडं पडलं आणि वाटेत आलू घरंगळले. दोन्ही बंद एका हातात धरावेत, हे त्यांना सुचलंच नाही. की सुचलं होतं?

एक गोष्ट सांगते. घाबरू नका. गुळवाल्याच्या वळणावर शकुबाई नेहमी हात बदलायची. त्या वळणावर माझा सुटा बंद वर उचलला जातो. क्षणभरच. वारा नसतो. मी सरळ होते, आणि सदाशिवराव तिथे चाल थोडी मंद करतात.

घरी आले की मी चिवळ ओकायचे. दर आठवड्याला. घरात ती कोणी खाईना. मुलगा पिंटू याची बायको प्रेरणा निवडायला घेई, तर सदाशिवराव म्हणत, राहू दे, शकूची भाजी हाय ते. मग ती टोपलीत तशीच पडून राही. आधी मलूल होई, मग काळी. स्वयंपाकघरभर तिचा वास. पातेल्यांना, पाण्याला, प्रेरणाच्या पदरालाही. नातू विचारू लागला, आजी घरात हाय का?

एका बाजाराच्या दिवशी प्रेरणाने मला खुंटीवरून काढून सासऱ्यांच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही.

"बाबा, आज चिवळ आली तर थैली मी चुलीत घालीन. मंग बाजार तुमचे पिंटूच आणत जातील."

ती रागावलेली नव्हती.

सदाशिवराव बाजारात आले. हुस्नाबीसमोर मला उघडून धरलं आणि नेहमीचं तेवढंच बोलले, "चिवळ दे."

चिवळीचा हिरवा वाटा समोरच होता. हुस्नाबीने त्यावर ओलं फडकं टाकलं.

"नाही देत, भाऊ."

"काहून?"

"वैनीसाठी नेता. ते नाही खात आता." मग हळूच म्हणाली, "तुमाले काय आवडते ते सांगा, ते देतो."

"मले?"

मागची गिऱ्हाइकं खोळंबली. सदाशिवराव भाज्यांकडे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते. हुस्नाबीने त्यांच्या तळहातावर एक बोर ठेवलं. त्यांनी खाल्लं, तोंड वाकडं केलं, दुसरं घेतलं. तुरीची हिरवी शेंग सोलली. वांगं दाबून पाहिलं. सांभाराची जुडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तिथेच धरली.

"बोरं दे," शेवटी ते म्हणाले. "अन् शेंगा. उकडून खाईन."

"सापडलं बुवा," हुस्नाबी म्हणाली आणि वरून मूठभर जास्तीच्या शेंगा टाकल्या.

प्रेरणाने घरी माझ्यात हात घातला. तिने कोपरान्कोपरा चाचपला. मग शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या आणि मला परत खुंटीवर अडकवलं.

मित्रांनो, मी अजून बाजाराला जाते. सदाशिवराव अजून एकच बंद धरतात. गुळवाल्याच्या वळणावर अजून ते होतं, जे मी तुम्हाला सांगितलं. तुमच्या घरी अशी जुनी थैली असेल तर उसवलेली शिवण घाला, उन्हात वाळवा. चुलीत घालण्याआधी तिचा दुसरा बंद एकदा हातात धरून बघा. आणि जो माणूस बाजारात नुसता बाजूला उभा राहतो, त्याला काय आवडतं ते वेळेवर विचारा.

लग्नानंतरच्या पहिल्या बाजारात चिवळ मागितली होती ती सदाशिवरावांनी. शकुबाईने ती भाजी तोवर कधी पाहिलीही नव्हती. त्यांना आवडते म्हणूनच ती दर बाजाराला घेत राहिली.