परत फेकलेला विक्रम

शिकागोच्या त्या बेसबॉलच्या मैदानात डावीकडची उघडी गॅलरी म्हणजे बर्निस वोझ्नियाकचं राज्य. बाई आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आवाज बसच्या भोंग्यासारखा आणि तत्त्वं पक्की. हॉट डॉगवर केचप घालणाऱ्याला ती शेजारी बसू देत नसे. पण सगळ्यांत पक्कं तत्त्व वेगळंच होतं. पाहुण्या संघातल्या कुणी होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, मारला आणि बॉल आपल्या गॅलरीत आला, तर तो ठेवायचा नाही. मैदानात परत भिरकावून द्यायचा. शत्रूचा होमरन आम्ही घरात घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जो ठेवेल त्याची गॅलरी अशी सालटी काढायची की पुढच्या खेपेला तो मुकाट्याने दुसरीकडचं तिकीट घ्यायचा.

आता पंचाईत अशी झाली होती की कारकिर्दीतल्या सर्वाधिक होमरनांचा विक्रम मोडायला डेलरॉय प्रॅटला आणखी फक्त एक होमरन हवा होता, आणि तो पाहुणा म्हणून नेमका याच मैदानात खेळायला आला होता.

डेलरॉय मुळात इथलाच. अलाबामाहून आलेलं लाजाळू पोरगं, सुरुवातीची वर्षं बर्निसच्या अगदी पायाखाली, लेफ्ट फील्डला उभं असायचं. ती वरून शेंगदाण्यांची पुडी टाकायची, तो टोपी उचलायचा. मग जास्त पैसे मिळाले आणि तो दुसऱ्या संघात गेला. झालं, गॅलरीने त्याला वाळीत टाकलं. आपल्या संघात होता तोवर त्याचे दंड आईच्या हातच्या जेवणाने भरलेले होते. संघ सोडल्यावर तेच दंड इंजेक्शनांचे ठरले. पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून तर सगळे इतक्या खात्रीने बोलत.

बर्निस सगळ्यांत खात्रीने बोलायची. टीव्हीवाल्यांनी विचारलं तेव्हा तिने छातीठोक सांगितलं, की माझ्या हातात आला तर तो बॉल गरम आहे तोवरच परत जाईल. घरी मात्र ती आवाज बंद करून त्याची एकही मॅच चुकवत नसे. बॅट फिरवायच्या आधी तो उजवा खांदा जरासा खाली सोडायचा, ते पाहून तिचा जीव सुखावायचा. तो बॉल तिला हवा होता. विकायला नाही, तसा विचार मनाला शिवला असता तरी तिला लाज वाटली असती. या पोराला आपणच वाढवलंय असं तिला वाटायचं, आणि ही गोष्ट सांगायची सोय तिला गॅलरीत कुणापाशीच नव्हती.

तेव्हा तिने शक्कल लढवली. दुकानातून एक साधा बॉल आणला, फरशीवर घासघासून मळवला आणि कोटाच्या खिशात टाकला. खरा हाती लागलाच, तर तो खिशात जाईल आणि हा मैदानात. गॅलरीही खूश, आपणही खूश.

जुलैच्या उकाड्यात कोट का, असं कुणी विचारील ही तिला धास्ती होती. कुणी विचारलं नाही. शेजारचा ऑर्व्हिल ह्यूबर, निवृत्त दंतवैद्य, स्वतःच जाडजूड जॅकेट चढवून घाम पुसत बसला होता. मागच्या रांगांतही कुणी रेनकोट घातलेला, कुणी शिकारीचं जाकीट. तळ्यावरून गार वारं सुटतं संध्याकाळी, असं ऑर्व्हिल आपण होऊन म्हणाला. सुटतं खरं, असं बर्निसही म्हणाली. दोघांनी एकमेकांच्या खिशांकडे बघायचं टाळलं.

सहाव्या इनिंगला डेलरॉय बॅट घेऊन आला आणि गॅलरीने हुर्यो उडवली. बर्निसचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर. घरच्या पिचरला मात्र इतिहासात या पद्धतीने जायचं नव्हतं. पहिले दोन बॉल त्याने असे लांब टाकले की अलाबामातून बॅट आणावी लागली असती. तिसरा चुकून सरळ पडला. डेलरॉयचा खांदा खाली गेला, आणि बर्निस बॅटचा आवाज यायच्या आधीच उभी राहिली. ऑर्व्हिलने तिला कोपर मारलं, मागून कुणीतरी तिच्या पाठीवरच चढलं, आणि बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये थाडकन येऊन बसला.

"परत फेक! परत फेक!" गॅलरी एका सुरात ओरडायला लागली.

बर्निस वाकली, हातातला बॉल खिशात कोंबला, खिशातला काढला आणि असा भिरकावला की तो थेट दुसऱ्या बेसपाशी जाऊन थांबला. लोकांनी तिला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. ऑर्व्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खिशावर हात दाबून शांत बसली आणि इतकी सुखावली की तिला बियरची आठवणही झाली नाही.

एवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. प्रॅट खेळायला आला की लीगचे लोक गुपचूप खुणेचे बॉल वापरत होते. ती खूण फक्त खास दिव्याखाली दिसायची. गॅलरीतल्या बाईंनी परत फेकलेला बॉल तपासला आहे, तोच विक्रमाचा बॉल आहे. सगळं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. बर्निसने खिशात हात घातला. अंगठ्याला फरशीवर घासलेलं कातडं लागलं. खिशात होता तो दुकानातलाच बॉल.

खेळ थांबवला होता. सत्काराचा माईक तसाच ठेवून डेलरॉय बॉल हातात घेऊन थेट गॅलरीच्या भिंतीखाली आला आणि त्याने टोपी काढली. टीव्हीवालेही धावत आले. एकाने वर बर्निसच्या तोंडापाशी माईक धरला.

"बर्निसबाई, बॉल तुमच्या हातात गेलेला बघितला मी," डेलरॉय म्हणाला. "म्हटलं, बरं झालं, आपल्या माणसाकडे गेला. आणि तुम्ही तो फेकलात." त्याने बॉल हातात फिरवला. "माझा इतका राग आलाय तुम्हाला?"

गॅलरी कान टवकारून वाट बघत होती. "सांग त्याला, आलाय म्हणून सांग," ऑर्व्हिल कुजबुजला.

बर्निसने एकदा मागच्या रांगांकडे बघितलं. मग ती खाली वाकली.

"नाही रे पोरा. ठेवणारच होते मी. फेकायला दुसरा आणला होता, घाईत हात चुकला."

सगळ्या मैदानाला ते ऐकू गेलं. डेलरॉयला हसू फुटलं. लीगचा एक साहेब हात हलवत धावत येत होता, पण त्याआधीच डेलरॉयने बॉल वर टाकला. बर्निसने तो दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर घेऊन खाली बसली.

मागच्या रांगेतून पहिली हुर्यो आली. मग दुसरी. मग अख्खी गॅलरी तिच्यावर ओरडायला लागली, परत फेक, परत फेक. ऑर्व्हिल तर जॅकेटच्या खिशातलं काहीतरी गोल एका हाताने घट्ट धरून सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता.

"ओरड बाबा," बर्निस म्हणाली. "पण आधी तो हात खिशातून बाहेर काढ."