काटा पार्कवर होता

शनिवार, २० एप्रिल. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमॅकमधल्या एका मागच्या गल्लीत, इंजिन सुरू ठेवून उभी केलेली एक जुनी गाडी चार फूट मागे गेली. मागे आयरीन ओलेनिक डिकीत टोपली ठेवत होत्या. गाडीचा बंपर आणि गॅरेजचा विटांचा खांब यांच्यामध्ये त्यांचा उजवा पाय सापडला. गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. त्यांचे वय बहात्तर.

गाडीत कोणीही बसलेले नव्हते. गिअरचा काटा ‘पार्क’वर होता, म्हणजे चाके जागीच अडकलेली असायला हवी होती.

मित्रांनो, मी त्या गाडीचा गिअरबॉक्स होतो. काटा पार्कवर होता, पण मी नव्हतो. माझ्याकडून झालेली ही गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे ऐकताना तुमचा गैरसमज होणार नाही.

मी जुना आहे. १९६९ सालच्या मे महिन्यात डेट्रॉइट भागातल्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. आपोआप गिअर बदलणारा म्हणून तेव्हा माझे कौतुक होते. चालवणाऱ्याला डाव्या पायाने काही दाबावे लागत नसे. माझ्या पोटातले लाल तेल इंजिनाच्या जोरावर फिरे, त्याच्या दाबाने प्लेटा एकमेकींना धरत, सोडत, आणि गाडी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाई. इंजिन प्रचंड होते. त्याची सगळी ताकद माझ्यातून चाकांपर्यंत जात असे. सिग्नल हिरवा झाला की मागची चाके धूर काढत आणि पोरे फुटपाथवरून ओरडत. ती शाबासकी इंजिनाला असे, पण थोडी मीही घेतली.

कारखान्यात माझ्या अंगावर दोन गोष्टी ठोकल्या गेल्या. एक, गाडीच्या चॅसिस क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे. दुसरी, १३९ हा आकडा, म्हणजे वर्षाचा एकशे एकोणचाळिसावा दिवस. तो दिवस १९ मे, सोमवार.

या आकड्यांनीच पुढे सगळे बिघडवले.

मधली वर्षे थोडक्यात सांगतो. पहिल्या मालकाने मला पळवले, दुसऱ्याने राबवले, आणि तिसऱ्याने मन्रो गावाजवळच्या एका कोठारात आठ वर्षे तसेच सोडले. उंदरांनी सीटमध्ये घर केले. माझे तेल खाली बसले. १९८७ साली झिग ओलेनिक हा माणूस बायको आयरीनला घेऊन गाडी बघायला आला. तो पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. त्याने बॉनेट उघडले नाही. आधी पाठीवर झोपून गाडीखाली शिरला आणि माझ्या अंगावरचा मळ अंगठ्याने पुसला.

या शौकिनांमध्ये एक रीत आहे. जुन्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचेच असले, आकड्याला आकडा जुळला, तर ती गाडी खरी. एक जरी भाग बदलला तर ती नुसती चालणारी गाडी. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक भरते, तेव्हा पोट सुटलेले म्हातारे गुडघ्यावर बसून, बॅटरी मारून एकमेकांच्या गाड्यांचे आकडे वाचतात.

झिगने माझा आकडा वाचला. मग १३९ वाचला. बोटांवर महिने मोजले आणि गाडीखालूनच हाक मारली.

“आयरीन! लग्नाच्या वर्षी तू कुठल्या लाइनवर होतीस?”

“गिअरबॉक्सच्या. प्लेटा बसवत होते. का?”

“पिवळा रंग कोण लावायचं?”

“आम्हीच. बसवून झालं की पट्टा मारायचो.”

माझ्या अंगावर पिवळा पट्टा होता. झिग बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा तेलाने माखला होता आणि डोळे ओले होते. १९६९ च्याच १७ मेला, शनिवारी, त्या दोघांचे लग्न झाले होते.

तेव्हापासून तीस-एक वर्षे जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात तो घडीच्या खुर्चीवर बसून एकच गोष्ट सांगे. “ही गाडी नाही, ही माझी लग्नाची भेट आहे. सतराला लग्न आणि एकोणिसाला माझ्या बायकोनं हा गिअरबॉक्स बांधला. डोक्यातली फुलंसुद्धा सुकली नव्हती तिच्या!” ऐकणारे आयरीनकडे बघत. ती बर्फाच्या पेटीत हात घालून म्हणे, “झिग, सँडविच खा.”

दरवर्षी, नेमकी त्याच वाक्याला, ती त्याला सँडविच देई.

त्या गोष्टीत एक चूक होती. ती मला माहीत होती आणि तिलाही.

मी झिजत गेलो. आधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरू लागलो. इंजिन ओरडे आणि गाडी जागची हलत नसे. मग रिव्हर्स टाकल्यावर मला जागे व्हायला वेळ लागू लागला. गेल्या ऑक्टोबरात झिगने मला लिओनच्या गॅरेजात नेले. लिओन म्रोझ चाळीस वर्षे गिअरबॉक्सच दुरुस्त करतो, आणि झिगशी त्याची शाळेपासून ओळख. त्याने तेल मोजायची पट्टी काढून झिगच्या नाकाखाली धरली.

“घे वास. जळलेल्या टोस्टसारखा येतोय ना?”

“आमच्याकडे टोस्ट असाच असतो.”

“आयरीनला सांगतो हं. झिग्या, मस्करी सोड. हा संपला. प्लेटा गेल्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे पार्कचा दात गोल झालाय. काटा पार्कवर दिसतो, पण आत दात खाचेत बसतच नाही. मधेच लोंबकळतो. इंजिन चालू ठेवून उतरलास तर एक दिवस हा स्वतःच रिव्हर्समध्ये पडेल.”

“मी चाकामागं वीट लावतो.”

“वीट? हँडब्रेक कुठं गेला?”

“त्याची तार गंजली. बघू सावकाश.”

“माझ्याकडे याच जातीचा दुसरा आहे. मी स्वतः उघडून बांधलाय. तो टाकू, हा फळीवर ठेव. आकडे काय पळून जातात का?”

“आणि वुडवर्डवर कोणी खाली वाकून बघितलं तर?”

“तर त्याला दिसेल की गाडी चालते.”

“लिओन, हा तिच्या हातचा आहे,” झिग म्हणाला.

लिओनने पट्टी पुसून परत जागेवर खोचली. मित्रांनो, त्या क्षणी मी तिथेच बंद पडलो असतो तर बरे झाले असते. माझ्यात अजून जोर होता, आणि मला घरी जायचे होते. मी गुमान चाललो. सिग्नलला एकदाही घसरलो नाही. झिग वाटेत म्हणाला, “बघ, उगाच घाबरवतो लिओन.” मी बरा असल्याचे ढोंग केले, असे कोणी म्हटले तर ते खरे आहे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी बारा वाजता चर्चमध्ये टोपल्यांना आशीर्वाद देतात. रंगवलेली अंडी, सॉसेज, किसलेला झणझणीत मुळा, मीठ, पाव, आणि लोण्याचे कोरलेले कोकरू. आयरीनने सकाळपासून ती टोपली लावली होती. हिवाळ्यानंतर गाडी पहिल्यांदाच बाहेर निघत होती. झिगने ती गॅरेजातून पुढे काढून गल्लीत उभी केली, काटा पार्कवर नेला, उतरून वीट लावली.

“झिग, टोपलीवरचं कापड टेबलावरच राहिलं!”

“आणतो. तू टोपली डिकीत ठेव. उशीर झालाय.”

उशीर झाला होता, म्हणून जाता जाता त्याने वीट काढून भिंतीशी ठेवली. लगेच निघायचेच होते. तो स्वयंपाकघरात गेला. इंजिन चालू होते, माझ्यातल्या तेलाचा दाब वाढत होता, आणि मी पार्क आणि रिव्हर्सच्या मध्ये लोंबकळत होतो. दात खाचेच्या कडेवर होता. मला ते कळत होते. बाहेर अंडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. मी घसरलो.

झिग भरतकामाचे पांढरे कापड हातात घेऊन धावत आला. त्याने आधी काटा पाहिला. नंतर तिच्याकडे पाहिले. या क्रमासाठी तो स्वतःला माफ करत नाही, असे त्याने नंतर लिओनला सांगितले.

४ मे रोजी मला काढले. लिओनच्या लिफ्टवर गाडी चढवली. लिओन नको म्हणत असताना चौऱ्याहत्तर वर्षांचा झिग स्वतः खाली उभा राहिला. आधी माझे तेल सोडले. ते काळे होते आणि त्यात पितळेची भुकटी चमकत होती. मग मागचा दांडा सुटला, आडवी पट्टी सुटली, तेलाच्या नळ्या सुटल्या, इंजिनाशी धरून ठेवणारे बोल्ट एकेक करून सुटले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी इंजिनापासून वेगळा झालो. लिओनने मला बाकावर उलटे केले आणि बोट दाखवले.

“हा बघ दात. नखासारखा झालाय.”

“वीट मी काढली.”

“वीट लावत होतास, तिथंच चुकलास. दवाखान्यात काय सांगितलंस?”

“गाडी घसरली म्हणून.”

“गाडी नाही घसरली, झिग्या.”

लिओनने दुसरा गिअरबॉक्स जॅकवर घेतला. तो राखाडी रंगाचा, स्वच्छ, तेलाचा वासही न येणारा होता. “याच्यावर तुझा आकडा नाही,” लिओन म्हणाला, “कोणाच्या बायकोचं नावही नाही. पण काटा पार्कवर असला की हा पार्कमध्येच असतो.” नवी हँडब्रेकची तारही त्याने त्याच दिवशी बसवली. तिला वीस मिनिटे लागली.

मला मात्र झिगने भंगारात दिले नाही. घरी आणले, घासले, पिवळा पट्टा तेवढा राखला आणि गॅरेजातल्या फळीवर जुन्या ब्लँकेटवर ठेवले. १९ मेला, रविवारी, तो माझ्यासमोर स्टूल टाकून बसला होता. दारात चाकांच्या वॉकरचा आवाज आला. अपघातानंतर आयरीन पहिल्यांदाच गॅरेजात आली होती.

“इथं काय करतोयस?”

“काही नाही. आज याला पन्नास झाली.”

“त्याला इथून काढ, झिग.”

“काढीन. पण आयरीन, तुझ्या हातचा आहे गं. कसा टाकू?”

ती वॉकरला टेकून उभी राहिली. “माझ्या हातचा नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“शनिवारी लग्न. रविवारी पुन्हा सगळे जेवायला, नाचायला. सोमवारी तू पहाटे कामावर गेलास. मी गेले नाही. आमच्या लाइनवरची फ्लोरेन्स म्हणाली, नवी नवरी आहेस, घरी राहा, तुझी जागा मी सांभाळते. मी दिवसभर तुझ्या आईबरोबर भांडी घासली. तू संध्याकाळी आलास आणि विचारलंस, जेवायला काय?”

झिगने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“मन्रोपासून. तू गाडीखालून ओरडलास ना, तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू रडत होतास. नंतर सगळ्यांना सांगत सुटलास. मग कधी बोलणार? ऑक्टोबरात लिओननं मला फोन केला होता, म्हणाला तू तरी सांग त्याला. तेव्हा सांगायला हवं होतं.” तिने पायाकडे पाहिले. “हे थोडं माझंही आहे.”

“तुझं काही नाही.”

“मग सँडविच कोण देत होतं?”

झिग हसला नाही. ती गेल्यावर तो उठला आणि मला फिरवून आकड्यांची बाजू भिंतीकडे केली.

फ्लोरेन्सबद्दल एक सांगितले पाहिजे, कारण ती बोलायला इथे नाही. त्या सोमवारी दोन जागांचे काम करत तिने माझ्या प्लेटा बसवल्या आणि एकही चुकीची बसवली नाही. मी झिजलो तो वयाने. तिचा त्यात काही दोष नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असे सांगायला मला आवडले असते. पण मला जपले म्हणूनच हे झाले. तेव्हा एवढीच विनंती करतो. जुनी वस्तू घसरू लागली, वास येऊ लागला, की तिची आठवण बाजूला ठेवा आणि तिला कामावरून काढा. आम्ही स्वतःहून थांबत नाही. आणि हँडब्रेकच्या तारेला वीस मिनिटे लागतात.

जूनमध्ये झिगने गाडी विकतो म्हटले. “विकू नकोस,” आयरीन म्हणाली, “आणि मला बस असंही म्हणू नकोस.” जुलैत तिचा वॉकर गेला, काठी आली. पाय भार घेईल असे डॉक्टर म्हणतात.

आज शनिवार, १७ ऑगस्ट. वुडवर्डच्या मिरवणुकीचा दिवस. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झिगने गाडी गल्लीत काढली. इंजिन सुरू आहे. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मी फळीवरून ऐकला. त्यानंतर त्याने वीटही लावली. बर्फाची पेटी मागच्या सीटवर ठेवली आहे. अंगणातून तिच्या बाजूच्या दाराशी जायचे तर गाडीच्या मागून जावे लागते.

अंगणाचे फाटक वाजले. काठी दोनदा टेकली. मग थांबली.

“इंजिन बंद करू का?” झिगने विचारले.

इंजिन अजून सुरू आहे. गाडीचे दार अजून वाजलेले नाही.