नाझारेतचा दहावा ठोका

"माझ्या घशात आवाज आहे तोवर या मंडळात कुणी अनवाणी फ्लामेंको नाचणार नाही!"

मेल्चोरने ही घोषणा केली तेव्हा त्याचा स्वतःचा उजवा पाय कोमट मिठाच्या पाण्याच्या बादलीत होता. अंगठा सुजला होता. बोलण्याच्या भरात त्याने तोच पाय आपटला आणि निम्मी बादली कासिल्दाच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडली.

"आपटा, अजून आपटा," कासिल्दा म्हणाली. स्पेनच्या हेरेस शहरातलं आमचं फ्लामेंको मंडळ कागदोपत्री आम्ही चौदा म्हातारे चालवतो. प्रत्यक्षात कासिल्दाचं फडकं चालवतं.

भांडण मेल्चोरच्या नातीशी होतं. नाझारेत सात वर्षं बाहेर आधुनिक नृत्य शिकली आणि परतली ती टाचांचे बूट कायमचे काढूनच. वसंत महोत्सवात तिचा सोलेआ, फ्लामेंकोतला बारा ठोक्यांचा संथ नाच, ठरला होता. गायला आजोबा नसतील तर नाव मागे घेते, असं तिने कळवूनही टाकलं होतं.

"रेकॉर्ड लाव की," मेल्चोर म्हणाला.

"रेकॉर्ड माझ्याकडे बघत नाही, आजोबा."

मेल्चोरने पाय बादलीतून बाहेर काढला. मग म्हणाला, "रविवारी दुपारी इथे नाच. नाचणारी टाचेने हाक देते, मग गाणारा तोंड उघडतो. माझ्या आजापासून हेच चाललंय. हाक ऐकू आली तर महोत्सवात गाईन. नाही आली तर विषय संपला."

"कबूल," नाझारेत म्हणाली. इतक्या चटकन, की त्याला संशय यायला हवा होता. पण जेवणाची वेळ झाली होती.

रविवारी मेल्चोरने आम्हाला शपथ घातली: टाळी नाही, 'ओले!' अशी दाद नाही. आम्ही घेतली. बोटांच्या पेरांची आठवण कुणालाच झाली नाही. आमची पेरं टेबलावर वाजत नसली तर डॉक्टरला बोलावतात.

नाझारेत अनवाणी आली. सोलेआचे बारा ठोके तिच्या अंगात दिसू लागले: तिसरा खांद्यात, सहावा बरगडीत, आठवा मनगटात. दहाव्याला तिने पाय उचलला आणि वरच ठेवला. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसे आम्ही दचकलो. दुसऱ्या आवर्तनातही तेच.

तिसऱ्या आवर्तनात दहावा ठोका माझ्या हातून टेबलावर पडला. मी माफी मागणार नाही. पुढच्या खेपेला कानाचं यंत्र घरी विसरलेल्या बार्तोलोने तोच बरोबर जागेवर मारला. मग सगळीच टेबलं बोलू लागली. पोरगी जमिनीवर पडली, लोळली, आणि त्या लोळण्यातून तिच्या पणजीचे हात वर आले. तसेच, सावकाश, कशाचीही घाई नसलेले. मेल्चोरने आईचे हात ओळखले. मी त्याच्याकडे बघत होतो.

नाझारेत उठून सरळ त्याच्यासमोर आली. पाय उचलला, खाली ठेवला. फरशी गप्प राहिली; तीन टेबलं एकदम कडाडली. मेल्चोरचं मत काय ते ठरायच्या आत त्याचा गळा उघडला होता. असा तो वीस वर्षांत गायला नव्हता.

संपल्यावर त्याने घाम पुसला आणि वकिली काढली. "हाक तू दिली नाहीस. ह्या गद्दारांनी दिली."

"पाय कुणाचा बघून दिली, आजोबा?"

"आणि महोत्सवात काय, ही टेबलं नेणार?"

"टेबलंही आणि हे सगळेजणही. जागा मी आधीच मागून ठेवलीय."

आम्ही ताठ बसलो. बार्तोलोने कॉलर नीट केली. दुपारच्या साडेतीनला आम्ही आधुनिक कलेत दाखल झालो होतो. मेल्चोर सगळ्यांकडे आळीपाळीने बघत शेवटी नातीला म्हणाला, "तालीम किती वाजता?"

तिने उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरातून कासिल्दाचा आवाज आला.

"पोरी, तू अनवाणीच आहेस ना? मग आत येऊन ही ऑलिव्हची बशी घेऊन जा. ह्यांच्या बुटांनी फरशी पुन्हा खराब व्हायला नको."