उलट्या तागडीचं टिकट

"गफार, हातोडा घे," अमीनसाहेब म्हणाले. "टिकट नाही म्हणजे माप खोटं. चेपून टाक."

येरमाळ्याच्या बाजारात नागम्माच्या तेलाच्या डब्यांभोवती माणसं जमली. तिचं तांब्याचं अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं माप गोणपाटावर उन्हात झळकत होतं. नवरा गेल्यापासून त्या मापावरच तिचं घर चाललं होतं. साहेबांच्या हातातल्या तपासणीच्या कागदावर टिकटाच्या जागी नुसता फिकट चौकोन होता, आणि त्याच्या कडेला अर्धी सही.

नागम्मा गफारकडं बघत होती.

गफार मापं तपासणाऱ्या अमिनांचा चपराशी. वीस वर्षं हातोडा आणि काटा वाहत ढोकी, कळंब, येरमाळा फिरला. वाचता येत नव्हतं. नाद एकच. मुदत सरलेल्या कागदांवरची टिकटं मागून आणायची, पाण्यात भिजवून अलगद सोडवायची आणि वहीत चिकटवायची. पिवळं बघितलं की त्याला ढोकीचा गूळबाजार दिसे. जांभळं बघितलं की दुष्काळाचं साल.

नागम्माच्या हिरव्या टिकटावर तागडी उलटी छापली गेली होती. सही करणाऱ्यालाही ते दिसलं नव्हतं. मुदत अजून चार महिने होती. पण अमीन सालातून एकदाच येतात, म्हणून गफारनं भीत भीत शब्द टाकला होता. "घ्या की गफारभाई, त्या चिटोऱ्याचं काय एवढं!" म्हणत तिनं दिलंही होतं. पण लढाईमुळं तेल महागलं, तक्रारी वाढल्या, आणि यंदा तपासणीची दुसरी फेरी निघाली.

"ऐकू येत नाही का?"

गफारनं हातोडा खाली ठेवला. पिशवीतून वही काढली.

"साब, बाईची चूक न्हाय. टिकट मेरे पास है. म्याच मागून घेतलं."

वहीचं पान कागदाला भिडवलं, तशी सहीची दोन अर्धुकं एकमेकांना भेटली. साहेबांनी माप सोडलं. टिकट कापून पुन्हा कागदावर लागलं. मग त्यांनी वही चाळली आणि काखेत मारली.

"ही जमा होईल. उद्यापासून तू येऊ नकोस."

पुढच्या साली गफार येरमाळ्याला आला तो बाटली घेऊन, गिऱ्हाईक म्हणून. नागम्मानं पदराला हात पुसले आणि डब्यामागून एक घडी काढली.

"मुदत सरली बघा. म्या सोता भिजवून सोडवलंय. घ्या."

हिरवं टिकट गफारनं तळहातावर धरलं. लई वेळ धरलं.

"वही कुठंय आता, अक्का? तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. बाजाराला आलो की बघून जाईन."

"फुकट न्हाय दावणार. तेल माझ्याकडूनच न्यावं लागंल."

दोघंही हसली. तिनं माप भरून बाटलीत ओतलं, आणि वर आणखी एक धार सोडायला हात पुन्हा डब्यात घातला.

गफारनं बाटलीच्या तोंडावर बोट ठेवलं.

"बास. माप काठापोतर म्हंजे काठापोतर."