शीतखोलीतली चाचणी

चाचणी केंद्रातली शीतखोली म्हणजे दोन गाड्या मावतील एवढा फ्रीजच. उणे दहा अंशांवर एक पेट्रोलची आणि एक विजेची गाडी रोलरवर सारखंच अंतर पळवायची आणि कुणी किती ऊर्जा खाल्ली ते मांडायचं, हे तपासनीस बाईंचं काम. सोबतीला इंजिन विभागातले आबा. तीस वर्षं इंजिनात काढलेले, विजेच्या गाडीला ‘मिक्सर’ म्हणणारे.

फेऱ्या आटोपल्या. बाईंनी दार ढकललं, तर ते ढिम्म हलेना. सुटकेची तांबडी दांडी ओढली, ती हातातच आली. मोबाइलला रेंज नाही, बाहेरचे सगळे जेवायला गेलेले.

“आबा, अडकलो आपण.”

“घाबरू नकोस पोरी. माझी गाडी चालू करतो, ऊब येईल.”

“आणि धूर? तो ओढणारा पंखा बाहेरून लागतो. थंडीआधी धुरानंच मरू.”

आबांनी किल्ली सोडली. दोघं बॉनेटवर तळवे टेकून उभे राहिले. ते अजून चांगलंच तापलेलं होतं.

“पेट्रोलच्या दर लिटरमधला पाऊण भाग हा असा उष्णतेत वाया जातो, आबा.”

“आज आला ना कामी?”

पण अर्ध्या तासात बॉनेट गार पडलं आणि आबांची जीभही. निमूटपणे ते मिक्सरमध्ये शिरले. बॅटरी उरली होती पाच टक्के. बाई पाच मिनिटं हीटर लावत, दहा मिनिटं बंद ठेवत. चार. तीन. काचेवर त्यांच्याच श्वासाचं धुकं साचत होतं.

“आकडे मला ठाऊक होते गं,” आबा एकाएकी म्हणाले. “मीच मोजलेत की पूर्वी. पण इंजिन गेलं तर मी कुणाच्या कामाचा?”

बाईंनी हीटर पुन्हा लावला.

बॅटरी एक टक्क्यावर आली तेव्हा सफाईवाल्या मावशींनी बाहेरून दार उघडलं. “अगं बाई, तुम्ही आतच?”

अहवालात बाईंनी दोन्ही गोष्टी लिहिल्या: थंडीनं बॅटरीचा पल्ला तिसऱ्या हिश्श्यानं घटला, तरी पेट्रोलच्या गाडीनं तेवढ्याच अंतराला जवळजवळ अडीचपट ऊर्जा खाल्ली. आबांनी एक शब्दही न बदलता सही केली.

“बॅटरी विभागात या ना,” बाई म्हणाल्या, “मी शब्द टाकते.”

“बघू,” म्हणत आबा जिना उतरून इंजिनांकडे गेले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.