उपवासाची बीअर

गल्लीत कुणाला उपवासाचं काही अडलं की ललिताकाकूंचं दार वाजायचं. कोथिंबीर चालते का, दुपारी डोळा लागला तर काय करायचं. काकू हळू आवाजात सांगायच्या आणि त्यांचा शब्द शेवटचा असायचा. जन्मभर नेमानं वागून कमावलेली तेवढीच एक गोष्ट त्यांच्याकडं होती, आणि शेजारच्या आर्यननं ती फळ्यावर लिहून टाकली.

आर्यन पुण्याची नोकरी सोडून आला आणि गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या तेलगिरणीत त्यानं बीअर बनवायचा छोटा कारखाना काढला. अंगणात बाकडी टाकून तिथंच प्यायची सोय. रविवारी उद्घाटनाला सगळी गल्ली बोलावलेली. काकूंचा रविवार म्हणजे ज्योतिबाचा उपवास, त्यांना जायचंच नव्हतं. पण त्यांचे यजमान अण्णासो सकाळपासून चप्पल घालून बसले होते. पोराचं मन मोडू नये, नुसतं हळदीकुंकू वाहून परत येऊ, हे पालुपद चाललेलं. त्या दिवशी त्यांनीही आपणहून उपवास धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. काकूंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. गिरणीतल्या स्टीलच्या टाक्या भांड्यांच्या दुकानागत चमकत होत्या. काकूंनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, वळल्या, आणि फळा दिसला. वर खडूनं ठळक अक्षरात: उपवासाची बीअर. खाली बारीक अक्षरात: ललिताकाकूंना विचारून.

आर्यन कौतुकानं सांगायला लागला. महिन्यापूर्वी तो विचारायला आला नव्हता का, वरी चालते का, राजगिरा चालतो का, गूळ चालतो का? काकूंना वाटलेलं पोरगं उपवास धरतंय. राजगिरा भाजून घे, वास चांगला येतो, हेही त्यांनीच सांगितलेलं. आता तो ज्योतिबाची शपथ घेऊन म्हणत होता की गव्हाचा, सातूचा दाणासुद्धा आत नाही, टाकी वेगळी ठेवलीय.

"तुमच्यासाठी म्हणून केली, काकू."

उपवासाच्या चहात साखर घालू का, हेसुद्धा विचारायला येणारी चिमणाबाई बाकड्यावर ग्लास धरून बसली होती. अण्णासोंच्या मिशीला फेस लागला होता.

माझं नाव पूस, असं काकूंनी आर्यनला हळूच सांगितलं. गाणी मोठ्यानं लागलेली. त्यानं खुर्ची आणून दिली. परत सांगितलं, तर भाजलेले शेंगदाणे आले, तेही उपवासाचे. तिसऱ्यांदा अण्णासो मध्ये पडले.

"वरी चालतीया, गूळ चालतोय, पाणी तर चालतंयच की. मग एका भांड्यात आल्यावर काय बिघडलं?"

काकूंचा जीव आणखीच वैतागला. जन्मभर त्या एकेका जिनसाचा निवाडा करत आल्या होत्या. सगळं एकत्र आल्यावर त्याचं शेवटी काय होणार, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी तांब्यात पदर बुडवला आणि फळा पुसला. खालची ओळ पुसता पुसता वरचीही गेली.

"चालत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचा एवढा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. आर्यननं गाणं बंद केलं.

चिमणाबाईनं ग्लासात पाहिलं. मग काकूंकडं, अगदी कळकळीनं. "काकू, अर्धा पोटात गेलाय की हो. उरलेला टाकायचा का संपवायचा?"

बाकड्यांवरचे सगळे हात जागच्या जागी थांबले. सगळे काकूंच्या तोंडाकडं बघत होते, सर्वांत भाविकपणे अण्णासो. काकूंच्या मनात आलं, तांब्या इथंच आपटावा. पण विचारलं होतं, आणि विचारल्यावर सांगणं भाग होतं.

"टाकायचा. उपवास मोडला. ज्यानं ज्यानं घेतली, त्यानं पुढचा रविवार निर्जळी धरायचा." त्या अण्णासोंकडं वळल्या. "पाणीसुद्धा चालत न्हाई."

ज्याच्या त्याच्या ग्लासातली बीअर अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतली गेली. अण्णासोंनी तेवढा एक घोट घाईघाईनं घेतला आणि मग तेही उठले.